अण्णांची पाकिटं

तुम्ही विचारलंय की अण्णा गेल्याचं कळलं, प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही पण तुमची निम्मी नाणी त्यांनीच ओळखून दिलेली, तर आता घरी जावं का, आणि घरचे त्यांचा जुन्या नाण्यांचा संग्रह विकणार असतील तर आपण काहीजणांनी मिळून घ्यावा का. पहिल्याचं उत्तर हो, जरूर जा. दुसऱ्याचं उत्तर आत्ता नाही, आणि त्या घरात पैशाचा विषय तर काढूच नका. का ते सांगतो, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

तुम्हाला अण्णा माहितीयत ते फोटोवरून नाणं सांगणारे. आम्हा सोलापूरवाल्यांना ते माहितीयत मंगळवार बाजारात उकिडवे बसून मोडीच्या, म्हणजे भंगाराच्या, ढिगात हात घालणारे. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, मिल बंद पडल्यावर पूर्व भागातच पॉवरलूमवर लागले. घरात तेलुगू, शेजारपाजारी कन्नड, आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी, आणि चाळिशी उलटल्यावर फारसी अक्षरं शिकले, कशासाठी तर आदिलशाही पैशावर काय लिहिलंय ते स्वतःला वाचता यावं म्हणून. कॅटलॉग परवडायचे नाहीत तर कुणाकडनं तरी आणून झेरॉक्स काढायचे, आणि तीच झेरॉक्स पुन्हा पोरांना वाटायचे.

आता सगळेजण ते किती गोड होते असं लिहितायत, ते काही खरं नाही. अण्णा तिरसट होते. "याचे किती येतील" असं कुणी विचारलं की गप्प बसायचे, दोन दोन दिवस उत्तर नाही. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणणारा व्हिडिओ कुणी पाठवला तर त्याची खैर नसायची. पण "हे काय आहे" असं विचारणाऱ्याला रात्री बारालाही उत्तर. आणि ते सुद्धा नाव सांगून मोकळं होणारं नाही. "काय बघलालास बे नुसतं, वजन केलास का आधी?" इथनं सुरुवात. मग त्या पोरानं सोनाराकडं जाऊन वजन करून आणायचं, आणि मग अण्णा सांगणार की बघ, चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, तुझा नऊ भरतोय म्हणजे गडबड आहे, आता कडा बघ, कडेला जोडाची रेघ दिसते का, दिसली तर ते ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. असं करत करत पोरगं स्वतःच सांगायचं की अण्णा हे खोटं आहे ना. 1947 चा वाघवाला रुपया चांदीचा म्हणून कुणी आणला तर म्हणायचे लोहचुंबक लाव. निकेलचा आहे तो, चिकटतो. त्यांच्याकडे चांदीची तार दुमडून केलेलं जुनं नाणं, एक लारी होती, माशाच्या गळासारखी दिसायची, ती सुद्धा शाळेतल्या पोरांच्या हातात बिनधास्त द्यायचे. आमच्यासारख्यांचा जीव वरखाली व्हायचा.

अंगातल्या शक्तीनं तांदूळ स्वतःकडे ओढतं अशी थाप मारून विकतात, तसल्या नाण्याचा किस्सा तुमच्या कानावर आला नसेल. एक शेतकरी आला होता, राम-सीता-हनुमानाचं नाणं, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818, ते घ्यायला जमिनीचा तुकडा विकायच्या तयारीत. अण्णांनी त्याला उठूच दिलं नाही. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे देवदेवतांचे टोकन आहेत, बाजारात ढिगानं मिळतात, हे चहावर चहा पाजत संध्याकाळपर्यंत सांगत बसले. शेवटी घरातला तांदूळ आणून ताटलीत ओतला, नाणं वर धरलं आणि म्हणाले, आता ओढू दे की. जमीन वाचली त्या माणसाची.

आता संग्रहाचं. अण्णांकडे फार महागाचं असं काही नव्हतं, लारी आणि थोडी चांदी सोडली तर बाकी सगळं तांबं. पण प्रत्येक नाणं खाकी कागदाच्या छोट्या पाकिटात आणि पाकिटावर त्यांच्या बारीक अक्षरात वजन, कुठल्या बाजारात मिळालं, कुणाच्या मोडीत होतं, सोबत दुसरी कुठली नाणी निघाली. शिवराईचंच बघा. श्री राजा शिव आणि छत्रपति एवढंच लिहिलेलं हे नाणं शिवाजी महाराजांनंतरही पुढे कितीतरी वर्षं पाडत राहिले, त्यामुळे दिसेल ती शिवराई 1674 च्या राज्याभिषेकाची समजणं चूक. अक्षराची वळणं, दोन आडव्या रेघांची दुदांडी, कुठल्या भागात कुठली जास्त सापडते, यावरनं क्रम लावावा लागतो. आणि नेमकं तेच त्या पाकिटांवर आहे. व्यापारी काय करणार, तांबं एका पिशवीत ओतणार, चांदी काट्यावर टाकणार, पाकिटं कचऱ्यात. तेरावं व्हायच्या आत दोघांचे फोन येऊन गेलेत घरी, म्हणून सांगतोय.

वहिनींना आणि मुलीला मी एवढंच सांगितलंय: सध्या कुणालाही दाखवू नका, नाणं पाकिटातनं काढून एकत्र करू नका, आणि काळं पडलंय म्हणून चिंच-रांगोळीनं घासू नका. घासलं की वरचा थर गेला, तो परत येत नाही. प्लास्टिकच्या मऊ अल्बममध्येही नको, त्यानं हिरवा चिकट थर धरतो. पुढे विकायचंच ठरलं, आणि ठरवू शकतात, मुलीच्या घराचे हप्ते आहेत, त्यात चुकीचं काही नाही, तर निदान 1940 ते 45 चे निम्म्या चांदीचे रुपये आणि त्याआधीचे रुपये वेगळे काढून, नाहीतर सराफ एकाच भावात सगळे तोलून मोकळा होईल. परदेशातनं कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणायचं, शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर पाठवायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे.

तुम्ही मदत म्हणून काही करायचंच असेल तर पैशाऐवजी दोन रविवार द्या. मुलीची परवानगी मी घेतली आहे. एकेक पाकीट घ्यायचं, नाण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि पाकिटाचा फोटो काढायचा, मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा, आपल्याला चूक वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही, आपलं म्हणणं वेगळ्या रकान्यात. तेलुगूत लिहिलेल्या ओळी मुलगी वाचून देईल. तुमची जी नाणी अण्णांनी ओळखून दिली त्यांचे जुने मेसेजही कॉपी करून आणा, त्यात कारणं लिहिलेली आहेत आणि फोन बदलला की ते जातं. वजनकाटा आहे माझ्याकडे. फोटोसाठी बरा फोन असलेला माणूस कमी पडतोय.