‘आई, खुर्चीवर करतेस ना?’

‘मॅडम, ती खुर्ची विकून टाकू का?’ समोर बसता बसता ताईंनी हेच विचारलं. वय ५४.

मुलाने वाढदिवसाला पिलाटेस या व्यायामप्रकाराची खुर्ची घेऊन दिली होती. वर बैठक, पुढे स्प्रिंगवर खाली-वर होणारं पेडल. हा व्यायाम सुरू करणाऱ्या जोसेफ पिलाटेस यांनी ती न्यूयॉर्कमधल्या लहान घरांचा विचार करून बेतली, म्हणून आपल्याकडच्या दोन खोल्यांतही मावते. पण पेडलवर चवडे टेकवले की ताईंच्या तळव्यांची आग व्हायची. दर रविवारी मुलाचा फोन यायचा, ‘आई, खुर्चीवर करतेस ना?’ त्या ‘हो’ म्हणायच्या. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. पायांपेक्षा ते खोटं बोलणं त्यांना जास्त टोचत होतं.

‘माझे पाय नाजूक आहेत’ म्हणत बऱ्याच जणी येतात. त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात. म्हणून खुर्चीचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली पावलं कशी पडतात? टाचेत कळ येते आणि चालल्यावर ओसरते, असं असेल तर बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्यातला जाड पट्टा दुखावलेला असतो. ताईंचं तसं नव्हतं. आग दोन्ही तळव्यांची, रात्री जास्त. आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘परवा चप्पल पायातून निसटली, ते मला दाराशी जाईपर्यंत कळलंच नाही.’

तिथे मी व्यायामाचं बोलणं थांबवलं. आग होणं आणि न कळणं एकत्र आलं की नसांची शंका घ्यायलाच हवी. ताईंना मधुमेह, मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू, त्यात शाकाहारी. साखरेने नसा दुखावतात. ती गोळी आणि तो आहार, दोन्हींमुळे बी-१२ कमी पडू शकतं. डॉक्टरांनी तपासलं, बी-१२ कमीच निघालं. उपचार सुरू झाले.

खुर्ची विकायची नाही, हे आमच्या फिजिओथेरपिस्टनी ठरवलं. पेडलवर उभं राहायचे प्रकार पूर्ण बंद, कारण पायाखालचं नीट कळत नसेल तर तोल जातो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. खुर्चीसमोर स्टुलावर बसून पेडल आधी हातांनी दाबायचं आणि सावकाश वर येऊ द्यायचं. मध्येच सोडलं तर स्प्रिंग झटका देते. दोन आठवड्यांनी पाय, तेही रबरी ठिपक्यांचे मोजे घालून. पेडलवर फोमची गुंडाळी, सगळ्यात हलकी स्प्रिंग, चवड्याऐवजी टाच, ८ ते १० वेळा, बस्स. नंतर आरशात तळवे बघायचे. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि घरात अनवाणी चालायचं नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं, घरात चप्पल म्हणजे विटाळ असं सासूबाईंनी शिकवलेलं. घरापुरता नवा, कोरा जोड आणला, तेव्हा मन तयार झालं.

मुलाला खरं सांगा, असं मात्र मी आग्रहाने म्हटलं. ताईंनी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, ‘आई, आधी का नाही बोललीस?’

दिवाळीत तो घरी आला तेव्हा पेडलवरची सैल झालेली फोमची गुंडाळी त्यानेच काढून नवी घट्ट बसवली.