घोट्याचं ऑपरेशन: आत्ता करू, की दोन वर्षं पूर्ण होऊ देऊ?

प्रश्न: कोल्हापुरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डबे घेणारी बहुतेक कॉलेजची मुलं. खर्च जाऊन महिन्याला 40 हजार सुटतात. दहा महिन्यांपूर्वी ओल्या पायरीवरून घसरून उजवा घोटा मुरगळला, तो अजून ठणकतो. एमआरआयमध्ये सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, खराब झालेली दिसली. डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात, खर्च 1 लाख 60 हजार. 5 लाखांचा मेडिक्लेम घेऊन 14 महिने झालेत. एजंट म्हणतात, सांध्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबावंच लागतं. थांबू, की मुलीच्या शिक्षणाची एसआयपी मोडू? बँकेत अडीच लाखांची एफडीही आहे.

उत्तर: ताई, पॉलिसीसाठी थांबू नका आणि एसआयपीलाही हात लावू नका.

एजंटनी अर्धंच सांगितलं. ठरावीक आजारांना दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, पण त्याच कलमात पुढे लिहिलेलं असतं की अपघातामुळे आलेल्या क्लेमला तो लागू नाही. तुम्ही पडलात पॉलिसीनंतर चार महिन्यांनी. तेव्हाचा केसपेपर आणि एक्स-रे आधी शोधा. आताच्या कागदावर नुसतं ‘घोटेदुखी’ लिहिलं असेल तर पडल्याची तारीख आणि कारण, जसं घडलं तसंच, डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग हॉस्पिटलमार्फत कॅशलेसची मंजुरी मागा. नकार आलाच तर कारण लेखी घ्या आणि तक्रार लावा; तोवर पैसे एफडीवर कर्ज काढून भरा.

खोली निवडताना सांभाळा. पॉलिसीत खोलीभाड्याला रोज 5 हजारांची मर्यादा असेल आणि तुम्ही 8 हजारांची खोली घेतली, तर कंपनी नुसते वरचे 3 हजार कापत नाही. डॉक्टरांची आणि ऑपरेशन थिएटरची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापते. ही फी 80 हजार झाली, तर 50 हजारच हातात येतात. कुबड्या, पायाचा बूट हे बहुधा पदरचंच. फिजिओथेरपीची बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा, बऱ्याच पॉलिसी घरी सोडल्यानंतरच्या 60 दिवसांचा खर्च देतात.

पण तुमचा मोठा खर्च हॉस्पिटलात नाहीच. छिद्रं बारीक, टाके दोन-तीन, म्हणून आठवड्यात उभ्या राहाल असं धरू नका. नुसती सफाई असेल तर लवकर चालता येतं. पण कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला बारीक भोकं पाडणार असतील, तर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. दिवसभर शेगडीपुढे उभं राहणं त्याहून लांब, आणि उजवा पाय म्हणजे स्कूटरही बंद. नेमकं काय करणार, ते डॉक्टरांना आत्ताच विचारा.

केंद्र दोन महिने बंद ठेवलं तर 80 हजार बुडतील, गाळ्याचं भाडं वेगळं, आणि गेलेले डबे परत येतीलच असं नाही. 18 हजार पगारावर स्वयंपाकीण ठेवली तर तीन महिन्यांचे 54 हजार होतात, पण महिना 22 हजार सुटत राहतात. हे 54 हजार एफडीतून बाजूला काढा. ऑपरेशनचा खरा निधी हाच.

मेमध्ये मुलं गावी गेली की डबे तसेही कमी होतात. तेवढं लांबवणं डॉक्टरांना चालत असेल तर मेच्या पहिल्या आठवड्याची तारीख घ्या. बाई मात्र एप्रिलच्या मध्यालाच लावा, म्हणजे तुम्ही उभ्या असतानाच तिला तुमच्या आमटीचं प्रमाण कळेल.