मेथच्या व्यसनावरचं औषध सुरक्षित आहे हे कसं तपासतात? माणूस मधेच नशा करणारच ना?

तुमच्या भावाला एमडी या अमली पदार्थाचं व्यसन आहे. अमेरिकेत मेथवर (मेथअँफेटामिन या नशेवर) बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध आणि नाल्ट्रेक्सोन हे अफूवर्गाच्या नशेचा परिणाम अडवणारं औषध यांची चाचणी झाल्याचं वाचून, गोळ्या घेता घेता त्याने पुन्हा नशा केली तर काय, असं तुम्ही विचारलं आहे. चाचणी आखणाऱ्यांपुढेही पहिला प्रश्न हाच असतो. भाग घेणाऱ्यांपैकी बरेच जण औषध सुरू असताना नशा करतील, हे त्यांना धरूनच चालावं लागतं. त्यामुळे नुसती गोळी झेपते का, एवढं पाहून भागत नाही. गोळी आणि नशा एकत्र झेपतात का, हे पाहावं लागतं.

हे आधी रुग्णालयात दाखल करून तपासतात. त्यासाठी तो पदार्थ मुळातच घेणारे, पण सध्या उपचार न मागणारे प्रौढ निवडतात, कारण सोडू पाहणाऱ्याला नशा टोचणं नीतीला धरून नाही. ईसीजी, रक्तदाब, यकृताच्या तपासण्या आणि गर्भधारणा चाचणी केल्यावरच प्रवेश मिळतो. मग लघवी तपासून अंगात आधीची नशा उरलेली नाही याची खात्री करतात आणि शिरेतून मोजून डोस देतात. बुप्रोपिऑनच्या अशा अभ्यासात मेथचे 0, 15 आणि 30 मिलिग्रॅम असे डोस होते. 0 म्हणजे नुसतं सलाइन. मोठा डोस लहान डोस झेपल्यावरच. नाडी, रक्तदाब आणि ईसीजी सतत पाहतात. कोणत्या आकड्याला थांबायचं ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, त्या क्षणी ठरवत नाहीत. त्यानंतर काही दिवस औषध किंवा बनावट (औषध नसलेली) गोळी देतात आणि औषधाची रक्तातली पातळी स्थिर झाल्यावर तेच डोस पुन्हा देऊन तुलना करतात. इथे घाई केली तर सगळंच फसतं: पातळी पुरती चढण्याआधीच तपासलं की औषध निर्धोक दिसतं.

बुप्रोपिऑनबद्दल धास्ती होती, कारण ते स्वतः रक्तदाब वाढवू शकतं आणि मेथ फोडणाऱ्या यकृतातल्या सीवायपी2डी6 या एन्झाइमला अडवतं. त्या अभ्यासात मात्र मेथचा हृदयावरचा ताण वाढला नाही. दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या बाबतीत उलट घडलं. ते दिल्यावर कोकेनची रक्तातली पातळी वाढते, हे अशाच अभ्यासांतून समजलं. म्हणून रक्तातली पातळी मोजणं मी नाडी मोजण्याइतकंच महत्त्वाचं मानतो.

बाह्यरुग्णांवरची मोठी चाचणी यानंतर. तुम्ही वाचलेली चाचणी जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 403 जण होते, बुप्रोपिऑन रोज 450 मिलिग्रॅम आणि नाल्ट्रेक्सोनचं 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर 3 आठवड्यांनी. हे इंजेक्शन एरवी 4 आठवड्यांनी देतात. प्रतिसाद, म्हणजे टप्प्याच्या शेवटी लघवीच्या चारपैकी निदान तीन नमुन्यांत मेथ न सापडणं, मिळाला 13.6 टक्के लोकांना, बनावट औषधावर 2.5 टक्के. गंभीर दुष्परिणाम औषध घेतलेल्या 223 पैकी 8 जणांना झाले. परिणाम खरा आहे, पण माफक आहे.

अशा चाचण्यांत तीन ठिकाणी गफलत होते. लोक गोळ्या घेतच नाहीत, आणि न घेतलेल्या गोळीचा दुष्परिणाम कसा दिसणार? म्हणून उरलेल्या गोळ्या मोजण्यावर न थांबता रक्त किंवा लघवीत औषध शोधावं लागतं. बुप्रोपिऑनमुळे लघवीची साधी पट्टी अँफेटामिन नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा प्रयोगशाळेत पक्की चाचणी हवी. आणि हृदयविकार किंवा फिट्स असलेल्यांना आधीच वगळतात, त्यामुळे आकडे ओपीडीतल्या रुग्णांपेक्षा ठणठणीत माणसांचे असतात.

आता तुमच्या भावाबद्दल. एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्या चाचणीतला पदार्थ मेथ होता. मेफेड्रोन फोडण्याचं काम मुख्यतः सीवायपी2डी6च करतं. बुप्रोपिऑनने तोच रस्ता अडवला तर नेहमीचीच पुडी अंगात जास्त वेळ आणि जास्त जोरात राहील, हा धोका धरून चाला. रसायनाच्या घडणीने बुप्रोपिऑनही मेफेड्रोनच्याच कॅथिनोन कुळातलं आहे. शिवाय त्याचा फिट्सचा धोका डोसबरोबर वाढतो: रोज 300 मिलिग्रॅमपर्यंत साधारण हजारात एक, 450 ला हजारात चार. दारू अचानक सोडली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा आधी फिट आली असेल तर आणखी जास्त.

त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून सुरू करू नका. मनोविकारतज्ज्ञाला तो काय घेतो, किती घेतो आणि शेवटचं कधी घेतलं ते स्पष्ट सांगा. दारू, आणि अफूवर्गातलं खोकल्याचं कोडीनवालं औषध आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी यांच्यासकट. नाल्ट्रेक्सोनआधी अफूवर्गातलं काहीही बंद होऊन निदान 7 ते 10 दिवस जावे लागतात, नाहीतर तीव्र विथड्रॉवल (नशा तुटल्याचा त्रास) उसळतो. छातीत दुखलं, फिट आली किंवा अंग तापून बरळू लागला तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळी आणि पुडी, दोन्हींची नावं सांगा.