लूव्रचे खांब कोणाचे, हे ठरवायच्या आधी

प्रिय,

चॅप्टर वाचला. लिहिलायस झकास, पण दुसऱ्याच पानावर निकाल लावून टाकलास की पॅरिसच्या लूव्र राजवाड्याचा पूर्वेकडचा खांबांच्या रांगेचा दर्शनी भाग क्लोद पेरोचा, विषय संपला. एवढी घाई नको, यावर तीनशे वर्षं भांडण चाललंय.

आधी बोलतंय कोण ते बघ. क्लोद पेशाने डॉक्टर. त्याचा भाऊ शार्ल म्हणजे चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याचा खास माणूस. इटलीचा नामांकित आर्किटेक्ट बेर्निनी याला 1665 मध्ये रोमहून थाटात बोलावलं, पायाभरणीसुद्धा उरकली आणि मग त्याचं डिझाईन बासनात गेलं, त्या सगळ्या काळात हा शार्ल बेर्निनीच्या विरोधातच होता. आणि हाच पुढे म्हातारपणी आठवणी लिहितो आणि सांगतो की खांबांची आयडिया मुळात माझी, भावाने ती कागदावर आणली. घरचाच साक्षीदार! समोरून कवी बोआलो म्हणतो छे, सगळं राजाचा आर्किटेक्ट ल वो याचं, पण त्याचं या भावांशी हाडवैर, वाईट डॉक्टर बरा आर्किटेक्ट झाला असा टोमणा त्याने 1674 मध्येच कवितेत मारलेला, आणि त्याचा भरवसा कोणावर तर दोर्बेवर, म्हणजे ल वोच्याच हाताखालच्या माणसावर. मग 1960 मध्ये फ्रेंच आर्किटेक्ट लाप्राद म्हणाला खरा कर्ता हा दोर्बेच. झालं, तीन दावेदार.

क्लोदची ड्रॉईंग्ज शार्लने बांधून ठेवली होती, ती 1871 च्या आगीत जळाली. त्यामुळे कोणी छातीठोकपणे 'ड्रॉईंगवरून सिद्ध होतं' लिहिलं असेल तर कुठलं ड्रॉईंग, कोणाच्या हातचं, कधीचं, हे फुटनोटमध्ये जाऊन शोध. तू जोडखांबांचा, म्हणजे दोन-दोन खांब जोडीने उभे करण्याचा, मुद्दा घेतलायस तो चांगला आहे, प्राचीन रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या ग्रंथाच्या आपल्या भाषांतरातल्या टिपांत क्लोद त्यांची बाजू घेतो हे खरंच, पण एखाद्या गोष्टीची वकिली करणं वेगळं आणि ती डिझाईन करणं वेगळं, तिथे तुझी उडी लांब पडलीय.

इमारतीची शैली बरोक (भपकेदार, नाट्यमय) की क्लासिक (संयत, नियमबद्ध) यावर पाच पानं घालवलीयस, ती एका पानात आण. फ्रेंच अभ्यासक या इमारतीला बरोक म्हणायला सहसा राजी नसतात, त्यात देशाभिमान किती आणि खांब किती हे दोन ओळींत सांगता येतं.

आता जे तू वगळलंयस ते. 1667 च्या वसंतात कोल्बेरने ल वो, चित्रकार ल ब्रं आणि क्लोद यांची समिती बसवली आणि तिच्या नोंदवहीत चक्क लिहिलंय की डिझाईन तिघांनी मिळून करायचं आणि दुसऱ्यांना डावलून मीच कर्ता असं कोणी म्हणायचं नाही. म्हणजे भांडण होणार हे कोल्बेरला आधीच दिसत होतं. माझ्या मते चॅप्टर इथूनच सुरू व्हायला हवा, 'कोणाचं' याऐवजी 'तिघांत काम कसं चाललं' असा प्रश्न घेऊन. शुक्रवारी नोंदवहीतला तो उतारा घेऊन ये, फ्रेंच अडलं तर मिळून वाचू. आणि सध्याचं शीर्षक आधी काढून टाक.