आरशातला ओठ कागदावर उतरत नाही

*ताई, मी २१ वर्षांची, चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. जन्मतः माझा वरचा ओठ दुभंगलेला होता. शस्त्रक्रिया लहानपणीच झाली, पण ओठावर व्रण आहे आणि डावी नाकपुडी बसकी आहे. सरांनी स्वतःच्या चेहऱ्याची अभ्यासचित्रं करायला सांगितली आहेत. वर्गातल्या कुणाचाही चेहरा मला जमतो, पण स्वतःचा काढताना ओठ आपोआप सरळ होतो. सरांनी चित्र बघून विचारलं, "ही कोण?" घरी स्थळं बघणं सुरू झालंय. मावशी म्हणते, फोटो जरा नीट करून घे. आई गप्प असते. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं, असं तिला अजून वाटतं. मी काय करू?*

प्रिय मुली,

आधी आईचं बोलते, कारण तिचं ओझं तुझ्यापेक्षा जुनं आहे. गर्भात वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन सांधला जातो आणि हे काम साधारण सातव्या आठवड्यापर्यंत उरकतं. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. सांधा अपुरा राहण्यामागे आनुवंशिकता असते, कधी काही औषधं असतात. बरेचदा एकच असं कारण सापडतच नाही. ग्रहणाचा आणि विळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे तिला सांग. एकदा सांगून तिला पटणार नाही, पुन्हा पुन्हा सांग.

आता चित्राकडे येऊ. शिकाऊ हात समोर दिसतं ते न काढता डोक्यात पक्कं बसलेलं काढतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तरी नवखी मुलं ते वर कपाळाकडे सरकवतात. तुझ्याही डोक्यात 'ओठ असा असतो' हे बसलेलं आहे आणि त्यात लाजेची भर पडली आहे. वर्गमैत्रिणीचा चेहरा काढताना तू कोन मोजतेस. स्वतःच्या चेहऱ्यापाशी आलीस की मोजणं थांबतं आणि दुरुस्ती सुरू होते.

म्हणून फोन बाजूला ठेव. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक असतं त्याहून मोठं दिसतं. शिवाय आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय असते, त्यामुळे फोटोत आपला चेहरा जास्तच वाकडा वाटतो. हे सगळ्यांचंच होतं. खिडकीशेजारी आरसा लाव, उजेड एकाच बाजूने येऊ दे. सुरुवातीला पूर्ण चेहरा काढूच नकोस. मोठ्या कागदावर फक्त नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतचा भाग घे. हात लांब करून पेन्सिलीने कोन घे: डावी नाकपुडी उजवीपेक्षा किती खाली आहे, नाकाखालची उभी पन्हळ कुठल्या बाजूला ओढली गेली आहे, व्रणापाशी ओठाची कड कुठे मोडते. व्रण रेघेने काढू नकोस, तो वरून चिकटवल्यासारखा दिसेल. उंचवटा असेल तर कागद कोरा सोड आणि त्याच्या शेजारची छाया ४बी या मऊ पेन्सिलीने गडद कर. मग मान थोडी वळवून तेच पुन्हा काढ. त्या कोनातून नाकपुडीचा आकार अगदी वेगळा दिसेल.

माझं मत स्पष्ट सांगते: हा ओठ सुंदर आहे असं स्वतःला पटवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्यावर तेवढी सक्ती कशाला? तो खरा उतरला पाहिजे, एवढंच बघ. कोन मोजण्यात गुंतलेल्या डोळ्याला नावं ठेवायला सवड नसते. १६३० साली तेविशी-चोविशीतला डच चित्रकार रेम्ब्राँ आरशासमोर डोळे विस्फारून, तोंड उघडून स्वतःला न्याहाळत होता आणि ते भाव जेमतेम ५ सेंटिमीटर उंचीच्या छापचित्रात उतरवत होता. स्वतःचा चेहरा हे त्याचं अभ्यासाचं साहित्य होतं, कधीही हाताशी असलेलं. त्याचं नाक जाड होतं आणि ते त्याने चित्रात बारीक केलं नाही. १६६९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, ६३ वर्षांचा असताना केलेल्या आत्मचित्रातही ते तसंच आहे, सुरकुत्या आणि डोळ्यांखालच्या पिशव्यांसकट.

एक मात्र जप. आरशासमोर बसून जीव घाबरा व्हायला लागला, किंवा चित्र बाजूला राहून तासन्तास नुसता ओठच तपासला जायला लागला, तर तिथेच थांब आणि समुपदेशकाशी बोल. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिला मावशीचा फोटो. तिची काळजी खरी आहे, पण बघायला आलेली माणसं तुझा चेहरा बघणारच आहेत. फोटोत पुसलेला व्रण त्यांना बैठकीत दिसला की फसवल्याचा ठपका तुझ्यावर येईल, मावशीवर नाही. फोटो आहे तसाच जाऊ दे. आणि लग्न आत्ता करायचं का, हे तुला कुणी विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. शिक्षण पुरं होईपर्यंत थांबायचं असेल तर तसं घरात स्पष्ट सांग, आणि सांगताना आईला शेजारी बसव.

तुझी,
ताई