सातची शाळा आणि नववीतला मुलगा

"मॅडम, सकाळी उठवायला गेलं की अंगावर येतो. एवढ्यातेवढ्यावरून रडतो. डिप्रेशन तर नाही ना?" आई विचारत होत्या, मुलगा शेजारी जांभया देत होता. शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सुट्टीत कसा होता, हे मी आधी विचारलं. मे महिनाभर क्रिकेट, मित्र, खाणंपिणं सगळं छान. मग झोपेची नोंद ठेवायला सांगितली. शाळा सातला, व्हॅन सव्वासहाला, म्हणजे उठायचं साडेपाचला. रात्री साडेआठपर्यंत क्लास, नंतर गृहपाठ. कागदावर रोजची झोप जेमतेम साडेपाच तास, रविवारी मात्र दुपारी बारापर्यंत. सकाळची पाच मिनिटं वाचावीत म्हणून तो गणवेशाची पँट घालूनच झोपायचा, हे आईलाही ठाऊक नव्हतं.

"आम्ही नाही का पहाटे उठलो? लवकर झोपायचं!" इति बाबा. पण वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा धावू लागतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. नऊला आडवं केलं तरी डोळा लागत नाही आणि गरज तर 8 ते 10 तासांची. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये 2016 साली 7:50ची शाळा 8:45ला नेली, तेव्हा मुलं तेवढी जास्त जागत बसली नाहीत, सरासरी 34 मिनिटं जास्त झोपली. आपल्याकडे 2024च्या शासन निर्णयाने नऊनंतरची शाळा मिळाली ती चौथीपर्यंतच्यांना. चिमुरड्यांचं भलंच झालं, पण घड्याळ उशिराचं असलेले नववीवाले अजून सातलाच हजर. वर्गखोल्या कमी, सत्रं दोन, ही मुख्याध्यापकांची अडचण मला समजते. पटत नाही.

शाळेची वेळ आमच्या हातात नव्हती, क्लासची होती. पाचची बॅच घेतली. जेवण आठच्या आत. दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचासुद्धा (यावरच जास्त वाद झाला). शाळेतून आल्यावर अर्धा तास डुलकी चालेल, संध्याकाळी नाही. रविवारी साडेआठला उठून थोडा वेळ उन्हात.

दिवाळीपर्यंत झोप सात तासांच्या आसपास आली. पुरेशी नाहीच, पण रडणं थांबलं, सकाळची भांडणं कमी झाली. गणित अजूनही आवडत नाही, ते वेगळं.

प्रत्येक वेळी एवढ्यावर भागत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, सुट्टीतही मित्र-खेळ नकोसे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि मुलाला एकटं सोडू नका.

शेवटच्या भेटीत बाबांनी दहावीसाठी पहाटे साडेपाचच्या बॅचचं विचारलं, शाळेच्या आधीची. मी उत्तर द्यायच्या आत आईच म्हणाल्या, "अजिबात नाही."