वाचक विचारतात: आवडत्या कवीची साइट आणि कॉपीराइट

प्रश्न: ताई नमस्कार, मी अंबाजोगाईचा. आमच्या भागातले एक कवी होते, आता हयात नाहीत, त्यांची फॅन साइट मी चार वर्षांपासून चालवतोय. साठेक कविता स्वतः टाईप करून टाकल्यात, पुस्तकांची कव्हरं आहेत, सत्काराचे फोटो आहेत, एका कार्यक्रमातलं त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आणि माझ्या वडिलांना आलेलं त्यांचं पोस्टकार्ड पण आहे. जाहिरात एक नाही, होस्टिंगचा खर्च माझ्याच खिशातून, प्रत्येक कवितेखाली नाव दिलंय. परवा प्रकाशकाचा मेल आला की कविता काढा नाहीतर कारवाई करू. पुस्तकं तर दुकानात मिळतच नाहीत, मग मी टाकल्या तर यांचं नुकसान कामून होतंय? साइट बंद करू का?

उत्तर: दादा, साइट बंद करू नका. पण मेलला उत्तर आजच द्या, गप्प बसणं सगळ्यात वाईट, आणि ज्या कवितांबद्दल तक्रार आहे तेवढ्या सध्या खाली घ्या. पदरमोड करून चार वर्षं कवीचं काम जपणाऱ्या माणसाला मी चोर म्हणणार नाही. पण आपलं प्रेम आहे म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही, आणि खाली नाव लिहिलं म्हणून पण नाही. पैसे कमवत नाही हे कोर्टात शिक्षा कमी व्हायला कामी येऊ शकतं, पण त्यानं हक्काचा भंग पुसला जात नाही.

कायदा 1957 चा आहे आणि त्यातला हिशोब सोपाय. कवी गेल्यावर पुढच्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं हक्क वारसांकडं किंवा ज्याला लिहून दिलाय त्याच्याकडं राहतो. आपल्याच मराठवाड्यातली उदाहरणं बघा. परभणीचे बी. रघुनाथ 1953 ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य 2013 संपलं तसं सगळ्यांना मोकळं झालं, ते तुम्ही अख्खं टाका, कुणाला विचारायची गरज नाही. पळसखेड्याचे ना. धों. महानोर 2023 ला गेले, त्यांच्या कविता 2083 संपेपर्यंत विचारल्याशिवाय टाकता येत नाहीत. तुमचे कवी कधी गेले ते आधी बघा.

पुस्तक बाजारात नाही म्हणून हक्क संपत नाही. पण इथं एक गोष्ट आहे जी लय लोकांना माहीत नसते. हक्क प्रकाशकाकडंच आहे असं धरून चालू नका. 1994 च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात, त्यानंतर हक्क परत कवीकडं म्हणजे आता घरच्यांकडं येतो. जुन्या कराराला हे लागू नाही. म्हणून प्रकाशकाला नीट, आदरानं विचारा की कोणत्या पुस्तकाचा हक्क तुमच्याकडं आहे, आणि कवीच्या घरी जाऊन या. फोन नको, जाऊनच या. चार वर्षांचं काम मोबाईलवर दाखवा, ते तुम्ही अजून दाखवलंच नसेल असं मला वाटतंय. ते हो म्हणाले तर कागदावर घ्या: कोणत्या कविता, कुठं, किती दिवस, फुकट का कसं.

पोस्टकार्ड वाचून मला माझ्या वडिलांची पत्रांची पेटी आठवली. कार्डाचा कागद तुमच्या वडिलांचा, पण त्यावरचा मजकूर लिहिणाऱ्याचा, म्हणून ते टाकायला पण घरच्यांना विचारायचं. सत्काराचे फोटो पैसे देऊन काढून घेतले असतील तर ज्यानं काढायला सांगितले त्याचे, म्हणजे बहुतेक आयोजकांचे, आणि कुणी हौसेनं काढले असतील तर काढणाऱ्याचे. रेकॉर्डिंगमध्ये कवितेचा हक्क वेगळा, ज्यानं रेकॉर्ड केलं त्याचा वेगळा.

आता विचारल्याशिवाय काय चालतं ते. समीक्षेसाठी ओळी देता येतात, म्हणजे आधी तुमचं बोलणं पायजे आणि त्याच्या आधाराला कवितेच्या ओळी, नावासकट. चार ओळी चालतात, 30 सेकंद गाणं चालतं असं सगळीकडं सांगतात, असा आकडा आपल्या कायद्यात कुठंच नाही. पुस्तकांची नावं, सालं, कवीचा जन्म कुठला, शाळा कुठली, या माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो, तर त्यांची पूर्ण सूची करा, कोणती कविता कोणत्या संग्रहात ते लावा. असं काम कुणी करत नाही आणि अभ्यास करणारी पोरं त्यासाठीच साइटवर येतील. आणि वर स्पष्ट लिहा की ही साइट एका वाचकाची आहे, अधिकृत नाही.

प्रश्न: मी गंगाखेडची. जनाबाईंच्या अभंगांची साइट करायचीये, अभंग तर सातशे वर्षांपूर्वीचे, मग काहीच प्रॉब्लेम नाही ना?

उत्तर: अभंगांचा नाही ताई, बिनधास्त टाका. पण ज्या पुस्तकातून उतरवून घेणार त्यातला अर्थ, टीपा, प्रस्तावना हे संपादकाचं लिखाण आहे, ते उचलू नका, अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. गायलेल्या अभंगाचं पण तसंच, रेकॉर्डिंग निघाल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं त्याचा हक्क वेगळा चालतो, शब्द कितीही जुने असू द्या. त्यापेक्षा गावातल्या बाया जात्यावर, भजनात कसं म्हणतात ते त्यांना विचारून तुम्हीच रेकॉर्ड करा आणि म्हणणारीचं नाव खाली द्या, तिला चालत असेल तर.